सूर्याचे बारा कधी वाजतात?

रामनवमीला घड्याळात दुपारचे बारा वाजले की पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. पण त्या क्षणी सूर्य खरोखर माथ्यावर आलेला असतो का? नाही! मुंबईत त्याला अजून सुमारे चाळीस मिनिटे लागायची असतात आणि बंगळूरच्या मराठी घरात वीस-पंचवीस. यात घड्याळाचा दोष नाही. ते दाखवते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ, आणि ही रेषा जाते अलाहाबाद-मिर्झापूरकडून. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. सूर्याला मात्र कायदा लागू नाही. त्याची माध्यान्ह गावोगाव वेगळी. मुंबईसाठी काढलेले पंचांग बंगळूरच्या भिंतीवर टांगले, तर माध्यान्हीतच १९ मिनिटांचा फरक पडतो.

घड्याळे नव्हती तेव्हा हा घोळही नव्हता. झुंजुमुंजू झाले की उठायचे, दिवस कासराभर, म्हणजे बैलाच्या दोरीइतका, वर आला की शेतात असायचे, दिवेलागणीला घरी. गृहिणीला ओसरीवरची सावली पुरे. सावली अमुक फरशीला टेकली की चूल पेटवायची! अर्थात पौषातली फरशी ज्येष्ठात चालत नसे. तेवढे भान तिला असे.

जोशीबुवांना याहून नेमकेपणा हवा. ते सपाट जमिनीवर बारा अंगुळांचा शंकू उभा करत. सावली आखडत आखडत सर्वांत लहान झाली की माध्यान्ह, आणि तेव्हा ती बरोबर उत्तर-दक्षिण पडते. गच्चीवर काठी रोवून मुलांना हे जरूर दाखवा.

बंगळूरकरांना तर वर्षातून दोनदा याहून मोठी गंमत पाहता येते. २४ एप्रिलच्या सुमारास दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास काठीची सावली चक्क नाहीशी होते! १८ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा तेच. सूर्य २१ जूनपर्यंत उत्तरेकडे सरकतो आणि परततो, म्हणून डोक्यावरून जाताना एकदा आणि येताना एकदा. मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते. मुंबई-पुण्यातही हे दोन दिवस येतात, पण तिथला दुसरा जुलैच्या ढगांत हरवतो.

याच जाण्यायेण्याचा धागा गवीपुरमच्या गवी गंगाधरेश्वर या गुहामंदिरात सापडतो. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी उन्हाचा झोत नंदीच्या शिंगांमधून थेट पिंडीवर येतो. ते पाहायला झुंबड उडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की नोव्हेंबरअखेरीसही किरण पिंडीपर्यंत पोचतात. सूर्य दक्षिणेकडे जाताना त्याच वाटेवरून जातो ना! पण तेव्हा गर्दी नसते.

आता प्रश्न उरतो रात्रीचा आणि पावसाळ्याचा. सूर्यच नाही, तर लग्नाचा मुहूर्त कसा साधायचा? त्यासाठी घटिकापात्र होते. घंगाळातल्या पाण्यावर बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा साठ घटकांचा दिवस. ‘घटका भरली’ हे आपण आज एरवी भलत्याच अर्थाने म्हणतो. लग्नघरी मात्र त्या शब्दांची सगळे वाट पाहत असत, आणि त्या गडबडीतही एक जण वाटीवरची नजर न हलवता बसून असे.