हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल काय?

अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातील पुष्कळ घरांत एकच प्रश्न घोळू लागतो. मुलगी हुशार आहे, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय तिने मनात धरलेले आहे. तेथे तिला प्रवेश मिळेल काय? प्रश्न एका घराचा असतो, पण उत्तर सारे गाव देते. शाळेतील गुरुजी म्हणतात, ‘मिळालाच पाहिजे.’ चुलते म्हणतात, ‘ओळखीवाचून काही होत नाही.’ शेजारच्या गावातील कोणा एकाला गेल्या साली कमी गुणांवर तेथे प्रवेश मिळाला, अशीही एक कथा निघते. ह्यांपैकी कशालाच आधार नसतो. वास्तविक ह्या प्रश्नाचे अगदी नेमके नव्हे, तरी बऱ्याच भरवशाचे उत्तर काढता येते, आणि त्याला लागणारी सामग्री शासनाच्या प्रवेश कक्षाने दरवर्षी उघड केलेली असते. ती वाचावी कशी, एवढेच काय ते ठाऊक असावे लागते.

पुण्याच्याच महाविद्यालयाची ओढ का, हे निराळे सांगावयास नको. १८५४ साली स्थापन झालेली ही संस्था देशातील अगदी जुन्या अभियांत्रिकी संस्थांपैकी एक होय. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच अभियंते होऊन बाहेर पडले. २०२२ साली तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तरी लोकांच्या तोंडी तिचे नाव अद्याप ‘सीओईपी’ असेच आहे. नगर शहरापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेली ही संस्था अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत चौदाही तालुक्यांतील मुलांना आपली वाटते. पण ती तशी राज्यातील छत्तीसही जिल्ह्यांतील मुलांना वाटते, आणि अडचण नेमकी येथेच आहे.

प्रथम निकालपत्रावरील आकड्याचा अर्थ लावला पाहिजे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये देतात. पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. पुष्कळ पालक येथेच फसतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत नव्वद गुण, असे समजून पेढे वाटतात. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या निरनिराळ्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. एक सोपी निघते, एक कठीण. म्हणून विद्यार्थ्याने किती गुण मिळवले हे न सांगता, त्याच्याच सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती जण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवून राहिले, हे सांगतात. तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. मग सर्व सत्रांचे पर्सेंटाइल एकत्र करून राज्याची एक गुणवत्ता यादी तयार होते. सत्र कठीण गेले म्हणून हळहळण्याचे कारण त्यामुळे बरेचसे उरत नाही. ते त्या सत्रातील सर्वांनाच कठीण गेलेले असते.

ह्याच जिल्ह्यातील शिर्डीच्या दर्शनरांगेत जो उभा राहिला आहे, त्याला ही गोष्ट चटकन उमजेल. रांगेत माणूस किती उंच किंवा किती भाविक आहे, ह्याने काही ठरत नाही. पुढे माणसे किती आहेत, ह्याने ठरते. पर्सेंटाइल पुढील माणसांची मोजणी सांगतो. समजा, परीक्षेस तीन लाख विद्यार्थी बसले. ९० पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढे सुमारे तीस हजार जण उभे आहेत, ९९ च्या पुढे तीन हजार, आणि ९९.८ च्या पुढे सहाशे. ९९ आणि ९९.८ ह्यांत कागदावर एका पूर्णांकाचेही अंतर नाही. रांगेत मात्र ते चोवीसशे माणसांचे आहे. ह्याच्या उलट, ६० वरून ७० वर गेलेल्या मुलाने तीस हजार जणांना मागे टाकले, तरी पुण्याच्या दाराशी त्याला त्याचा काही उपयोग होत नाही. शेवटच्या टोकाला दशांशचिन्हाच्या पुढील अंक बोलू लागतात, ते ह्यामुळेच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. परीक्षार्थींची संख्या वाढली म्हणजे त्याच पर्सेंटाइलचे वजन घटते. तीन लाखांऐवजी चार लाख बसले, तर ९९ च्या पुढे तीन हजारांच्या जागी चार हजार जण असतात, आणि महाविद्यालयातील जागा त्या प्रमाणात वाढलेल्या नसतात. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता यादीतील क्रमांक जवळ ठेवणे अधिक शहाणपणाचे.

आता कटऑफकडे वळू. कटऑफ म्हणजे महाविद्यालयाने आधी ठरवून लावलेला उंबरठा, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. महाविद्यालय काहीच ठरवीत नाही. जागा भरत भरत शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचा पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. तो प्रवेश झाल्यावर कळतो, आधी नव्हे. गेल्या वर्षीचा कटऑफ हा पाण्याच्या पातळीची खूण आहे, आणि नदीला दरसाल तेवढेच पाणी येईल असे कोणी म्हणत नाही. एखाद्या शाखेची हवा निर्माण झाली की तिची पातळी चढते. सांप्रत ती हवा संगणक शाखेची आहे. पुण्यात ह्या शाखेच्या खुल्या जागा अलीकडे ९९.५ च्या वरच संपत आल्या आहेत. स्थापत्य किंवा धातुशास्त्र ह्या शाखांच्या जागा त्याहून पुष्कळ खाली येऊन संपतात. तेव्हा ‘सीओईपीत प्रवेश मिळेल काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या शाखेत, हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही.

ह्यासाठी निदान तीन वर्षांचे कटऑफ घ्यावेत, आणि एकाच फेरीचे घ्यावेत. पहिल्या फेरीचा आकडा शेवटच्या फेरीशी ताडून पाहिला तर फसगत ठरलेलीच. रांगेत पुढे उभे असलेले सगळेच त्याच दाराने आत जात नाहीत: कोणी आयआयटीत जातो, कोणी मुंबईचे व्हीजेटीआय पसंत करतो, कोणी शेवटी वैद्यकीय शाखा धरतो. ते निघून गेले की रांग पुढे सरकते आणि पुढील फेऱ्यांत कटऑफ बहुधा उतरतो. किती उतरेल, हे मात्र छातीठोकपणे कोणी सांगू नये. प्रवेशाची शक्यता ‘शेकडा ७३’ अशी नेमकी सांगणारे संगणकीय ठोकताळे हल्ली फुकट मिळतात. त्यांतील नेमकेपणा हा केवळ देखावा होय.

रांग एकच असली, तरी तिच्या शेवटी दारे अनेक आहेत. खुल्या जागांचे दार निराळे, मुलींसाठी राखलेल्या शेकडा तीस जागांचे निराळे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमातींचे निरनिराळे गट, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक ह्यांची निराळी. प्रत्येक दाराचा कटऑफ स्वतंत्र छापतात. विद्यार्थ्याने आपल्या दाराचा आकडा पाहिला पाहिजे. वर्गमित्राचा पाहून निराश होणे किंवा हुरळून जाणे दोन्ही व्यर्थ. पण त्या दाराची किल्ली कागदाची आहे. जात पडताळणीचे प्रमाणपत्र, आणि ज्यांना ते लागते त्यांच्या बाबतीत चालू मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेळेत हाती नसेल, तर हक्काची जागा असूनही विद्यार्थी खुल्या दारासमोर जाऊन उभा राहतो. पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या दूरच्या वाडीतील मुलाचे वर्ष अभ्यासात कमी पडल्याने जितके जाते, तितकेच ह्या कागदाच्या दिरंगाईनेही जाऊ शकते. हे काम निकालानंतर करावयाचे नव्हे. अकरावीतच हाती घ्यावयाचे आहे.

येथे जिल्ह्याच्या दृष्टीने एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. सीओईपीच्या जागा राज्यस्तरावर भरतात. तेथे नगरचा आणि नागपूरचा विद्यार्थी सारखाच. परंतु पुण्यातील नामांकित खासगी महाविद्यालयांत आजवरच्या नियमांप्रमाणे जागांचा मोठा भाग गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी निराळा काढलेला असतो. पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे तीन जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, म्हणून नगरच्या मुलाला हा लाभ आपोआप मिळतो. मात्र गृह विद्यापीठ ठरते ते राहत्या गावावरून नव्हे, तर बारावी कोठून उत्तीर्ण झाली ह्यावरून. शिकवणीच्या कीर्तीला भुलून जो मुलगा अकरावी-बारावीसाठी लातूरला नाव घालतो, तो नांदेडच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातला ठरतो आणि पुण्याच्या खासगी महाविद्यालयांपुढे परका होतो. लातूरच्या शिकवणीने पर्सेंटाइल वाढेलही. पण हा हिशेब जाण्यापूर्वी किती घरांत मांडला जातो?

आता हे सारे एकत्र आणून पाहू. समजा, शेवगावात बारावी झालेल्या एका मुलीला ९८.६ पर्सेंटाइल मिळाले. तीन लाखांच्या हिशेबाने तिच्यापुढे सुमारे बेचाळीसशे जण आहेत. पुण्याची संगणक शाखा खुल्या जागेवर तिच्या आवाक्याबाहेर आहे. ती आशा दूरची. ज्या शाखांचा कटऑफ तीन वर्षे तिच्या आकड्याच्या जराशा वर-खाली घुटमळत आहे, त्या संशयाच्या. ज्यांचा कटऑफ तिन्ही वर्षे स्पष्टपणे खाली राहिला, त्या भरवशाच्या. पसंतीक्रमाच्या अर्जात ह्या तिन्ही प्रकारच्या जागा असाव्यात. परंतु त्यांचा क्रम शक्यतेवरून लावू नये, इच्छेवरून लावावा, आणि नेमके हेच लोकांना पटत नाही. ‘मिळणार नाही ते वर कशाला लिहावयाचे? क्रमांक फुकट जातो,’ असे म्हणतात. क्रमांक फुकट जात नाही. संगणक गुणवत्ता यादीतील एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या अर्जावर वरून खाली येत, जी पहिली शिल्लक जागा दिसेल ती त्याला देतो. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरील त्याचा हक्क तिळमात्र कमी होत नाही.

उलट, भीतीपोटी भरवशाची जागा वर लिहिणाऱ्याचेच नुकसान होते. २०२५ साली प्रवेशाच्या चार फेऱ्या ठेवल्या, आणि नियम असा केला की पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती जागा पक्की धरावयाची; पुढील फेऱ्यांत भाग घेता येत नाही. चौथ्या फेरीत मिळेल ती शेवटची. ज्याने घाबरून दुय्यम महाविद्यालय पहिले लिहिले, तो पहिल्याच फेरीत तेथे अडकला. पुढे रांग सरकून हवी ती जागा रिकामी झाली, तरी त्याला ती बघत बसावी लागली. हा नियम दरसाल तसाच राहील असे नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची पुस्तिका वाचलीच पाहिजे.

पैशाचा प्रश्न ह्याहून निराळा नाही. शासकीय संस्थेचे शुल्क खासगी महाविद्यालयापेक्षा कमी असल्याने कित्येक कुटुंबे ‘पुणे, नाहीतर काहीच नको’ असा हट्ट धरीत. २०२४ साली शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक ह्यांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेऱ्यांतून झालेला असावा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. त्यामुळे शेवगावच्या त्या मुलीपुढे पुण्यातील खासगी महाविद्यालयेच नव्हेत, तर जिल्ह्यातील संस्थाही खऱ्या अर्थाने खुल्या होतात. संगमनेर, लोणी आणि कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये तिन्ही १९८३ साली निघाली. शेतकऱ्यांची मुले घरापासून फार दूर न जाता अभियंते व्हावीत, म्हणून ती सहकाराच्या भूमीत उभी राहिली. त्यांना ‘भरवशाची जागा’ म्हणताना तुच्छता दाखविण्याचे कारण नाही.

राहिला पुन्हा परीक्षेस बसण्याचा विचार. ९८.६ वरून ९९.६ वर जावयाचे, तर तिला तीन हजार जणांना मागे टाकावे लागेल, आणि त्यांतील पुष्कळ जण तिच्याइतकाच अभ्यास करणारे असतील. पहिल्या वेळी आजारपणाने किंवा अभ्यासक्रम अपुरा राहिल्याने घसरगुंडी झाली असेल, तर वर्ष घालविणे एक वेळ समजण्यासारखे आहे. सराव परीक्षांतही आकडा तेवढाच येत असेल, तर ते महाग पडते. दहावीतल्या मुलांपुढे आणखीही एक वाट आहे. नगरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा अन्य तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका उत्तम गुणांनी घेतलेला विद्यार्थी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करतो. त्या रांगेत सीईटीचा पर्सेंटाइल पाहत नाहीत, पदविकेचे गुण पाहतात, आणि तेथील जागांचे कटऑफही निराळे छापतात. पुण्याच्या महाविद्यालयाचे हेही एक दार आहे.