खर्रा, मावा आणि हळूहळू बंद होत जाणारे तोंड

नागपूर, चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या कोणत्याही पानठेल्यावर पाच मिनिटे थांबले, की एक ठरावीक हालचाल दिसते. प्लॅस्टिकच्या पन्नीवर कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना आणि थोडे पाणी घ्यायचे, पन्नी दुमडायची आणि तळहाताने जोर लावून घोटायचे. मिश्रण मऊ झाले की पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. हा खर्रा. राज्याच्या इतर भागांत जवळपास हाच पदार्थ मावा म्हणून मिळतो.

दारू पिणाऱ्याला घरात आणि गावात नावे ठेवली जातात. खर्रा खाणाऱ्याच्या वाट्याला ते फारसे येत नाही. खिशातून पुडी निघाली की शेजारचे दोन-तीन हात आपोआप पुढे येतात. रोवणीला वाकलेले मजूर, रात्रीची गाडी चालवणारा ड्रायव्हर, कॉलेजच्या फाटकाबाहेरची मुले, सगळ्यांना ती चालते. झिंग चढत नाही, तोल जात नाही, घरी मारहाण होत नाही, म्हणून हे व्यसनच नव्हे अशी एक समजूत आहे.

२०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखू सेवनाचे सर्वेक्षण झाले. त्यात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के निघाले, तर न जाळता खाण्याचा किंवा लावण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे प्रौढांपैकी जवळपास चौथा माणूस. महाराष्ट्रातला तंबाखू धुरातून कमी आणि गालातून जास्त जातो. त्यामुळे त्याचे परिणामही आधी फुप्फुसात नाही, तोंडात दिसतात.

सुरुवात तिखटापासून

तंबाखू म्हटले की लोकांना थेट कॅन्सर आठवतो. पुडीवरची भीतिदायक चित्रेही तेच सांगतात. पण सुपारी असलेल्या मिश्रणांचा पहिला घाव बहुतेकदा वेगळाच असतो, आणि तो कॅन्सरच्या कितीतरी वर्षे आधी पडतो.

सुरुवातीला तिखट सोसत नाही. कालपर्यंत ठेचा-भाकरी खाणारा माणूस साध्या भाजीनेही तोंड पोळले म्हणून पाणी मागतो. मग गालाचा आतला भाग फिकट, संगमरवरासारखा पांढुरका होऊ लागतो. बोट फिरवले तर कातडीखाली ताणलेल्या दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. हे पट्टे वाढत जातात तसा जबडा उघडेनासा होतो. पाणीपुरी तोंडात मावत नाही, मोठा घास घेता येत नाही, शिट्टी वाजत नाही, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. पट्टे घशाकडे सरकले तर आवाज नाकातून येऊ लागतो, गिळायला त्रास होतो, काहींना ऐकूही कमी येते.

या आजाराला डॉक्टर ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. निरोगी माणसाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी करून आत जातात. या रुग्णांत आधी दोनच बोटे जातात, मग एक. बळावलेल्या आजारात तेही जमत नाही आणि माणूस पातळ वरणभात, पेज, दूध यांवर येतो. यात विशीतले, कधीकधी त्याहून लहान वयाचे रुग्णही असतात.

दोषी फक्त तंबाखू नाही

हे पट्टे मुख्यतः सुपारीमुळे तयार होतात, तंबाखूमुळे नव्हे. सुपारीत अ‍ॅरेकोलिन नावाचे द्रव्य असते. ते गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजन हा तंतू जास्त बनवायला लावते. सुपारीतली टॅनिनसारखी तुरट द्रव्ये जुने कोलॅजन विरघळू देत नाहीत. सुपारीत तांबेही बऱ्यापैकी असते आणि त्यामुळे हे तंतू एकमेकांना अधिक घट्ट जखडले जातात. बनते जास्त, मोडते कमी आणि जे बनते ते कडक, असा हा तिहेरी फास आहे. एकदा तयार झालेले पट्टे सुपारी सोडल्यावरही विरत नाहीत. सोडल्याने आजार पुढे सरकण्याचे बऱ्याच अंशी थांबते, पण गेलेले तोंड आपोआप परत येत नाही.

चुन्याचे काम वेगळे. तो तोंडातला अल्कलीपणा वाढवतो, त्यामुळे तंबाखूतले निकोटिन गालातून पटकन रक्तात उतरते. ‘चुना जास्त टाक’ असे सांगणारा गिऱ्हाईक नकळत त्या निकोटिनचा जोर वाढवून मागत असतो. कॅन्सर घडवणारी नायट्रोसामाईन ही द्रव्ये तंबाखूतून येतात. थोडक्यात, सुपारी तोंड आवळते, तंबाखू चटक लावतो आणि चुना त्याची वाट मोकळी करतो. पूर्वजांनी विड्यात थोडी थोडी घातलेली ही मंडळी खर्ऱ्यात दिवसभरासाठी एकत्र आली आहेत.

सुपारीवर संशय घेणे मराठी घराला अवघडच जाते. पूजेत ती गणपती म्हणून मांडली जाते, लग्न ठरले की सुपारी फुटते, जेवणानंतर बडीशेपेबरोबर मुलांच्याही हातावर पडते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००३ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसताना, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्यामुळे ‘तंबाखू सोडला, आता फक्त सुपारी खातो’ ही सुटका नव्हे. ‘तंबाखूविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पानमसाल्यातही मुख्य माल सुपारीच असतो.

हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला तो १९५२ मध्ये, केनियातल्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांवरून. पुढच्याच वर्षी भारतातूनही त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. प्रत्येकाला कॅन्सर होतोच असे नाही, पण तेराजणांत एक ही शक्यता दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नाही.

उघडत नसलेल्या तोंडाची तपासणी कशी करायची?

तोंड जेमतेम बोटभर उघडत असेल, तर दंतवैद्याला आतली जखम दिसत नाही. मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोहोचत नाही, त्या किडतात, त्यांची धार गालाला घासत राहते. उद्या अपेंडिक्सचे किंवा अपघाताचे ऑपरेशन करायची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला श्वासाची नळी तोंडातून घालता येत नाही. एरवी साधे असलेले ऑपरेशन जोखमीचे होते. खर्रा खाणाऱ्याने ‘पोटाच्या दुखण्याशी याचा काय संबंध’ म्हणून ही सवय डॉक्टरपासून लपवू नये, ती यासाठी.

आणि कॅन्सर झालाच तर तो बहुधा गाल आणि खालच्या हिरडीच्या मधल्या खाचेत, नेमका जिथे बार धरून ठेवला जातो तिथे होतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू होते. भारतीय पुरुषांत हाच सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. बरेच रुग्ण आजार पसरल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. मग गालाचा भाग, कधी जबड्याचे हाड काढावे लागते आणि छातीची कातडी किंवा पायाचे हाड लावून चेहरा पुन्हा उभा करावा लागतो.

राज्याच्या राजकारणानेही हे जवळून पाहिले आहे. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दात काढावे लागल्याबद्दल, बोलताना-गिळताना होणाऱ्या त्रासाबद्दल ते जाहीरपणे बोलले आहेत. आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५७ होते.

या मोठ्या नावांना उपचार शोधत वणवण करावी लागली नाही. गावातल्या रुग्णाची गोष्ट निराळी. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पथाऱ्या टाकलेली कुटुंबे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीची वाट पाहणारे नातेवाईक हे त्याचे चित्र आहे. सरकारी योजनेतून ऑपरेशनचा खर्च निघाला, तरी रोजंदारी बुडते, सोबत आलेल्याचीही बुडते. किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात. घरी राहिलेल्या मुलांची शाळा, बैलजोडी, सोसायटीचे कर्ज हे सगळे त्याच काळात कुणीतरी सांभाळायचे असते, आणि ते बहुतेक वेळा बाईवर येते. आजारपण येण्याआधीचा खर्चही कुणी धरत नाही. एक पुडी २० रुपयांची आणि दिवसाला चार, असे धरले तर वर्षाला २९ हजार २०० रुपये होतात. अल्पभूधारक घरात एवढ्यात खताची-बियाण्याची चिंता बरीच हलकी झाली असती.

बायकाही यातून सुटलेल्या नाहीत, फक्त त्यांचा तंबाखू वेगळ्या नावाने घरात येतो. तव्यावर भाजून पूड केलेली मिशरी दात घासायची वस्तू समजली जाते. ती सकाळी एकदा लागते, मग दुपारी, मग पोट साफ होत नाही म्हणून पुन्हा. वरच्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १६.६ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिशरी किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. आधीच अडीच किलोच्या उंबरठ्यावर असलेल्या बाळाला हे शंभर ग्रॅम फार महाग पडतात.

बंदी आहे, मग मिळतो कसा?

महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली होती, पण राज्याला तसा अधिकार नाही असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत तंबाखू आणि निकोटिन अन्नपदार्थात वापरता येणार नाही असे आले, आणि त्याचा आधार घेऊन राज्याने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि खर्रा-माव्यासारखी मिश्रणेही आली. हे आदेश एकेका वर्षाचे असतात आणि दरवर्षी नव्याने काढले जातात.

गुटख्याचा कारखाना बंद करता येतो, गाडी पकडता येते. खर्ऱ्याचा कारखाना म्हणजे एक पन्नी आणि दोन हात. साधी सुपारी, साधा तंबाखू आणि चुना या तिन्ही वस्तू वेगवेगळ्या विकायला मोकळ्या आहेत. त्या एकत्र होतात ठेल्यावर, गिऱ्हाइकासमोर. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकू नये, हा २००३ चा कायदाही सुपारीला लागू होत नाही, कारण ती तंबाखू नव्हे. मुलांच्या गोड सुपारीच्या रंगीत पुड्या म्हणूनच बिनधास्त लटकलेल्या असतात. गडचिरोलीत २०१६ पासून चालणाऱ्या मुक्तिपथ या उपक्रमाने दारूबरोबर तंबाखूही हाती घेतला, तो पोलिसांच्या जोडीने गावांना सोबत घेऊन. ठेल्यावरची विक्री गावाने ठरवल्याशिवाय थांबत नाही, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब.

सोडताना काय होते?

चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे, कामात मन नसणे आणि पोट न साफ होण्याची तक्रार. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. बरेच जण याच पहिल्या तीन दिवसांत ‘मला सोसत नाही’ म्हणून पुन्हा पुडी घेतात. निकोटिनची च्युइंगगम आणि काही औषधे या काळात उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरला विचारून घ्यावीत, आणि तोंड नीट उघडत नसेल तर च्युइंगगमपेक्षा दुसरा पर्याय बरा. १८०० ११ २३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. तंबाखूबरोबर सुपारीही सोडायची आहे, हे तिथे स्पष्ट सांगावे.

तोंड आवळू लागलेल्या रुग्णाला औषधे, गालात इंजेक्शने आणि व्यायाम देतात. पट्टे फार पुढे गेले असतील तर ते शस्त्रक्रियेने कापतात, पण त्यानंतर महिनोन्महिने व्यायाम केला नाही तर जखम भरताना तोंड पुन्हा मिटते. व्यायामाचे साधन अगदी साधे आहे, आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, काही मिनिटे तसेच बसायचे, दिवसातून अनेक वेळा. सवय झाली की मधे आणखी एक काडी सरकवायची. एका काडीने दीड-दोन मिलिमीटर मिळतात.