सहाची पंधरा वर्षे का झाली?

१५ जून २०१६ रोजी प्रिटोरियाच्या न्यायालयात धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने कृत्रिम पाय काढून ठेवले आणि गुडघ्यांखाली उरलेल्या खुंटांवर, तोल सावरत, तो न्यायाधीशांसमोर चालला. हे पाहून न हेलावणारा माणूस विरळा. तीन आठवड्यांनी न्या. थोकोझिले मासिपा यांनी प्रेयसी रीव्हा स्टीनकॅम्पच्या खुनासाठी त्याला सहा वर्षांची कैद सुनावली. तिथल्या कायद्यात अशा खुनाला किमान १५ वर्षे आहेत; त्याखाली यायचे तर कारणेही तशीच भक्कम लागतात. सरकार पक्ष अपिलात गेला. अपंग माणसाच्या मागे हे हात धुऊन लागणे झाले का? मला तसे वाटत नाही.

गुन्ह्यात अपंगत्वाचा वाटा किती, हा पहिला प्रश्न. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे तो खुंटांवरच होता. ज्याला पळता येत नाही त्याला घरात चोर शिरल्याची भीती जास्त वाटणार, हे मान्य. पण भीतीने पिस्तूल हाती का आले एवढेच त्यातून कळते. शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या का झाडल्या, हे कळत नाही. आरोपी मतिमंद असता, कृत्याचा अर्थच त्याला पुरता उमगत नसता, तर सौम्य शिक्षा अपिलातही टिकायला हवी होती. दुसरा मुद्दा तुरुंगाचा, आणि तो खरा आहे. पाय काढून ठेवलेल्या माणसाला ओल्या फरशीवर, धरायला दांडी नसेल तर, आंघोळ म्हणजे रोजची कसरत. पण दांडी भिंतीत बसवता येते. तेवढ्यासाठी नऊ वर्षांची सूट कशाला? नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला अपंगांसाठी अधिक सोयीच्या अ‍ॅटरिजव्हिल तुरुंगात हलवलेही.

सरकारला दुसरी संधी का, हा आक्षेप उरतो. पण आपण असतो तर दोन वर्षे जास्त दिली असती, एवढ्यावर अपील न्यायालय शिक्षा वाढवत नाही. तफावत डोळ्यांत भरणारी लागते. आपल्याकडेही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ ने अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा अधिकार सरकारला दिला आहे. न्यायाधीशाला दया जरूर यावी, पण तिची कारणे वरच्या न्यायालयात तपासली जावीत.

२४ नोव्हेंबर २०१७ रोजी ब्लूमफाँटेनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाला किमान शिक्षेखाली येण्याजोगे एकही कारण सापडले नाही. शिक्षा १५ वर्षांची झाली. आधी भोगलेला काळ वजा जाता १३ वर्षे ५ महिने. ५ जानेवारी २०२४ रोजी पिस्टोरियस पॅरोलवर बाहेर आला.