'स्लिट्स' : न निघालेल्या तबकडीची गोष्ट

पंक संगीताचा इतिहास सांगताना १९७६-७७ या काळातील लंडनचे नाव घेतले जाते आणि त्यापाठोपाठ सेक्स पिस्टल्स व क्लॅश या दोन बँडची. हे दोन्ही बँड मुलांचे. त्याच शहरात, त्याच वस्त्यांत, किंबहुना त्याच घरांत वावरणाऱ्या काही मुलींनीही एक बँड काढला होता. 'द स्लिट्स' हे त्याचे नाव. १९७६ च्या अखेरीस तो उभा राहिला आणि १९८२ उजाडेपर्यंत बंद पडला. पाच वर्षे, दोन अल्बम, एवढाच त्याचा मूळ ऐवज. मात्र त्यातही एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. हा बँड जोवर खऱ्या अर्थाने केवळ मुलींचा होता, तोवर त्याची एकही तबकडी बाजारात आली नाही.

पंक म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगायला हवे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास रॉक संगीत अवजड झाले होते. वीस-वीस मिनिटांच्या रचना, महागडी उपकरणे, वाद्यावरील हुकमत दाखविणारे वादक आणि त्यांच्यापासून कोसभर दूर बसलेला श्रोता, असा तो प्रकार होता. पंकने हे सारे झुगारले. गिटारवर तीन कॉर्ड वाजवता आल्या की बँड काढायला हरकत नाही, असा त्याचा रोकडा सिद्धांत. ब्रिटनमध्ये बेकारी वाढत होती, तरुणांकडे पैसा नव्हता. परंतु लंडनमध्ये रिकामी पडलेली घरे पुष्कळ होती. ती ताब्यात घेऊन तेथे बिनभाड्याने राहणे आणि तळघरात वाद्ये बडवणे, हा अनेकांचा दिनक्रम होता.

या सिद्धांताचा मुलींना झालेला लाभ मुलांपेक्षा मोठा होता. त्यापूर्वीच्या रॉक संगीतात स्त्री असे, ती गायिका म्हणून. गिटार, ड्रम्स ही मुलांची वाद्ये. मुले शाळेच्या वयापासून मित्रांच्या टोळक्यात ती शिकत आणि विशीत पोहोचेपर्यंत त्यांच्या हाताशी दहा वर्षांचा रियाज असे. मुलींना त्या टोळक्यात प्रवेशच नव्हता. कौशल्य ही अटच पंकने काढून टाकली आणि ती दहा वर्षांची आघाडी एका झटक्यात निरुपयोगी ठरली.

आरंभ

अ‍ॅरी अप या नावाने पुढे ओळखली गेलेली आरियाने फोर्स्टर तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. जन्माने जर्मन. तिची आई नोरा फोर्स्टर बर्लिनच्या 'टागेसश्पीगेल' या दैनिकाच्या प्रकाशकाची मुलगी. नोराच्या लंडनमधील घरी संगीतकारांचा राबता असे आणि पुढे १९७९ मध्ये तिने सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन याच्याशी विवाह केला. अमेरिकन गायिका पॅटी स्मिथ हिच्या लंडनमधील कार्यक्रमात अ‍ॅरीची गाठ पालोमा रोमेरो या स्पॅनिश तरुणीशी पडली. पालोमा ड्रम्स वाजवू पाहत होती. हे नाव क्लॅशच्या पॉल सिमननच्या तोंडी बसेना. त्याने तिचे 'पामऑलिव्ह' केले. साबणाचे हे नाव तिला कायमचे चिकटले.

सुरुवातीच्या दोघी, गिटारवादक केट कोरस आणि बेसवादक सूझी गट्सी, लवकरच बाहेर पडल्या. बेस टेसा पॉलिट हिच्याकडे आला. तिने ते वाद्य नुकतेच हाती घेतले होते. गिटारवर आली व्हिव्ह अल्बर्टीन. आजीने मागे ठेवलेल्या पैशातून तिने गिटार विकत घेतली होती. वाजवता येत नसताना घेतली होती, हे विशेष. मार्च १९७७ मध्ये लंडनच्या हार्ल्सडेन भागातील एका सिनेमागृहात क्लॅशच्या आधी स्लिट्सचा पहिला कार्यक्रम झाला आणि मे महिन्यात क्लॅशच्या 'व्हाइट रायट' दौऱ्यात त्या इंग्लंडभर फिरल्या.

या दौऱ्याच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांत संगीत कमी आणि उपद्रव अधिक आहे. हॉटेलवाले त्यांना ठेवून घ्यायला राजी नसत. बसचालकाने या मुलींना गाडीत घ्यावे म्हणून त्याला वरचे पैसे चारावे लागत. विस्कटलेले केस, फाटके कपडे, पायांत जडशीळ बूट आणि तोंडी शिवराळ भाषा असलेली मुले त्याच गाडीत होती. त्यांच्याबद्दल चालकाची तक्रार नव्हती. बँडच्या नावाने भर घातली. स्लिट म्हणजे चीर किंवा फट. त्याचा अश्लील अर्थ लावता येतो, तो लावला गेला, आणि तो लावला जाईल हे मुलींनाही ठाऊक होते. प्रकरण शेरेबाजीवर थांबले नाही. रस्त्यात एका पुरुषाने अ‍ॅरीवर मागून चाकू चालवला. अंगावर कपड्यांचे अनेक थर असल्याने ती बचावली. त्या वेळी ती अजून शाळकरी वयाची होती.

एक गाणे, दोन रूपे

सप्टेंबर १९७७ मध्ये बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी स्लिट्सना ध्वनिमुद्रणाला बोलावले. पील यांच्या या ध्वनिमुद्रणांची एक रीत होती. दिवसभरात तीन-चार गाणी मुद्रित करायची, फार सजावट करायची नाही. स्लिट्सच्या गिटार सुरात लावण्याचे काम बीबीसीच्या तंत्रज्ञांवर पडले, असे पील पुढे सांगत. पुढच्या वर्षी आणखी एकदा त्यांना बोलावणे आले. पामऑलिव्ह ड्रम्सवर असतानाच्या स्लिट्सचे स्टुडिओत झालेले काम म्हणजे मुख्यतः हीच दोन मुद्रणे. ती तबकडीच्या रूपाने निघाली, तेव्हा ऐंशीचे दशक सरत आले होते आणि बँड केव्हाच फुटला होता.

त्या पहिल्या मुद्रणात 'शॉपलिफ्टिंग' आणि 'न्यू टाउन' ही गाणी आहेत. हीच दोन गाणी १९७९ च्या 'कट' या पहिल्या अल्बममध्ये पुन्हा येतात. ही दोन्ही रूपे लागोपाठ ऐकणे हा स्लिट्स समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. १९७७ मधील 'शॉपलिफ्टिंग' म्हणजे सुसाट पळापळ आहे. चौघी एकमेकींच्या पुढे-मागे होतात, गिटार करवतीसारखी घासत जाते, अ‍ॅरी गाते की ओरडते ते कळत नाही. पामऑलिव्ह स्वतःच शिकलेली वादक. झांजांऐवजी मोठ्या ढोलांवर तिचा भर. त्यामुळे ठेका सरळ रेषेत न जाता घरंगळत जातो. ड्रमवादन रीतसर शिकलेला मनुष्य असे वाजवणार नाही, आणि वाजवायचे ठरवले तरी त्याला ते साधणार नाही.

१९७९ च्या रूपात तेच गाणे उघडे, मोकळे झाले आहे. वाद्यांच्या मध्ये जागा आहे. टेसाचा बेस पुढे येतो, गिटार अधूनमधून ओरखडा काढून गप्प होते. हा बदल आला रेगे संगीतातून.

पंक आणि जमैकाचे रेगे यांची सोयरीक कशी जुळली, याचे कारण मोठे मजेशीर आहे. लंडनच्या 'रॉक्सी' क्लबमध्ये १९७७ च्या आरंभी पंकचे कार्यक्रम होऊ लागले. दोन बँडच्या मधल्या वेळेत तबकड्या वाजवण्याचे काम डॉन लेट्स या जमैकन वंशाच्या तरुणाकडे होते. पंकच्या तबकड्या तोवर फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून त्याने आपल्या घरच्या रेगेच्या तबकड्या लावल्या. पंकच्या मुलामुलींना ते संगीत भावले. हाच लेट्स काही काळ स्लिट्सचा व्यवस्थापकही होता.

रेगेचा 'वन ड्रॉप' हा ठेका चार मात्रांचा असतो. पाश्चात्त्य रॉकमध्ये पहिल्या मात्रेवर जोरकस आघात असतो. वन ड्रॉपमध्ये ती मात्रा रिकामी सोडतात आणि ड्रमचा वजनदार ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो. आपल्या श्रोत्याला रूपक तालाची आठवण यावी. रूपकात सम खालीवर येते, म्हणजे जेथे आघात अपेक्षित तेथे हात हलका पडतो. साम्य अर्थात एवढ्यापुरतेच. त्याच्या जोडीला 'डब' हे तंत्र. मुद्रित गाण्यातील एकेक वाद्य काढून घ्यायचे, बेस आणि ड्रम उरू द्यायचे आणि मधूनच एखादा आवाज प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. ज्यांना वाद्य भरगच्च वाजवता येत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत म्हणजे वरदानच होते. येथे न वाजवणे हाही वादनाचा भाग ठरतो. स्लिट्सची उणीव त्यांच्या शैलीत रूपांतरित झाली ती अशी. त्यांना वाजवता येत नव्हते, हा आक्षेप त्यामुळे अर्धाच खरा आहे. १९७७ मध्ये तो लागू पडतो. 'कट' ऐकल्यावर तो करणाऱ्याच्या कानांविषयी शंका येते.

या घडणीत निर्माता डेनिस बोव्हेल यांचा वाटा मोठा. बार्बाडोसमध्ये जन्मलेले बोव्हेल लंडनच्या 'मटुंबी' या रेगे बँडचे. नियोजित नव्या शहरांतील व्यसनाधीनतेवरील 'न्यूटाउन' या गाण्यात त्यांनी काडेपेटीचा खुळखुळाट आणि चमचा पडल्याचा आवाज ठेक्यात बसवला आहे. अमली पदार्थ तयार करण्याच्या सामग्रीचे ते आवाज आहेत. शब्दांत जे उघड सांगितलेले नाही, ते येथे कानाला कळते.

करार झाला तेव्हा

सेक्स पिस्टल्स, क्लॅश यांचे करार १९७६-७७ मध्येच झाले. स्लिट्सना आयलंड या कंपनीचा करार मिळायला १९७९ उजाडले. हा विलंब केवळ कंपन्यांच्या अनिच्छेमुळे झाला असे म्हणता येणार नाही. गाणी कशी असावीत, मुखपृष्ठ कसे असावे, याचा निर्णय आपलाच राहावा असा मुलींचा आग्रह होता. मात्र या दोन वर्षांची किंमत मोजावी लागली. १९७८ च्या उत्तरार्धात मतभेदांतून पामऑलिव्ह बाहेर पडली आणि 'रेनकोट्स' या दुसऱ्या बँडमध्ये गेली. 'कट'वर ड्रम्स वाजवले ते बजी या पुरुष वादकाने. त्याचे वादन उत्तम आहे. अल्बमच्या नेमकेपणाचे बरेच श्रेय त्याला जाते. पण इतिहासात 'मुलींचा पहिला पंक बँड' म्हणून ज्या अल्बमचा दाखला दिला जातो, त्यावर तालाची धुरा एका पुरुषाकडे आहे आणि गाण्यांतील अनेक रचना घडवण्यात सहभागी असलेली पामऑलिव्ह त्यात कुठेच वाजत नाही.

'कट' सप्टेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याचे मुखपृष्ठ गाण्यांपेक्षा अधिक गाजले. अ‍ॅरी, व्हिव्ह आणि टेसा, कमरेला लंगोटीवजा कापड, उरलेले अंग चिखलाने माखलेले, मागे गुलाबाच्या वेली आणि इंग्लिश बंगल्याची भिंत. छायाचित्र पेनी स्मिथ या स्त्री-छायाचित्रकाराचे. तिघी ताठ उभ्या राहून थेट पाहणाऱ्याकडे बघतात. रिझवण्याचा भाव चेहऱ्यावर नाही. हे धाडस होते की कंपनीला आयती मिळालेली जाहिरात, यावर तेव्हा बरेच लिहिले गेले. दोन्ही होते, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते. आपल्याकडच्या आखाड्यातल्या मल्लांना माती अंगाला लावताना कोणी लज्जा विचारत नाही, एवढे येथे नोंदवण्यास हरकत नसावी.

त्यानंतरची दोन वर्षे वेगाने सरली. जाझ ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांच्यासह दौरा झाला. त्यांची सावत्र मुलगी नेने चेरी स्लिट्समध्ये गाऊ लागली. १९८१ मध्ये सीबीएस कंपनीने 'रिटर्न ऑफ द जायंट स्लिट्स' हा दुसरा अल्बम काढला. तो पहिल्यापेक्षा अधिक विस्कळित, आफ्रिकी तालांकडे झुकलेला आणि चिकित्सकांना आवडणारा आहे; खप मात्र बेताचा झाला. तोवर ब्रिटिश बाजारात सिंथेसायझरवरील नीटनेटके पॉप आले होते आणि चिखलातल्या मुलींचे नावीन्य ओसरले होते. थोड्याच अवधीत बँड विसर्जित झाला.

अ‍ॅरी लंडन सोडून बेलीझ, जमैका असे मुक्काम करत राहिली. व्हिव्हने चित्रपटाचे शिक्षण घेतले आणि दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन केले; गिटार तिने सुमारे पंचवीस वर्षे हाती धरली नाही. अ‍ॅरी आणि टेसा यांनी २००५ मध्ये बँड पुन्हा उभा केला, २००९ मध्ये 'ट्रॅप्ड अ‍ॅनिमल' हा अल्बम आला. २० ऑक्टोबर २०१० रोजी कर्करोगाने अ‍ॅरीचे निधन झाले. तेव्हा ती ४८ वर्षांची होती.

व्हिव्ह अल्बर्टीनचे आत्मचरित्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्लिट्सच्या काळाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. २०१६ मध्ये पंकच्या चाळिशीनिमित्त लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने प्रदर्शन भरवले. तेथे बोलण्यासाठी आलेल्या व्हिव्हने प्रवेशाच्या माहितीफलकावर सेक्स पिस्टल्स, क्लॅश आणि बझकॉक्स ही नावे वाचली. तिने पेन काढून ती खोडली, त्यांच्या जागी स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स आणि सूझी अँड द बॅन्शीज ही मुलींची नावे लिहिली, आणि खाली सही केली.