वर फुगा, आत भोक

कोकणातल्या हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघणारी जुनी पिकअप एकदा मागून पाहावी. हौद्याच्या कोपऱ्यातून बर्फाचं खारट पाणी ठिबकत असतं. फाळक्याच्या बिजागऱ्या तपकिरी झालेल्या असतात आणि मागच्या मडगार्डाच्या कडेला रंग असा फुगलेला असतो, जणू आत वाटाणे भरलेत. अशी दहा-बारा वर्षं राबलेली गाडी स्वस्तात मिळते. घेणारा हौशी असला, तर पहिल्याच रविवारी तो पॉलिश पेपर, लांबीचा डबा आणि स्प्रेचे दोन कॅन घेऊन अंगणात बसतो. संध्याकाळपर्यंत गाडी चकचकते. पुढच्या गणपतीपर्यंत फुगा पुन्हा त्याच जागी येतो, थोडा मोठा होऊन.

नवख्याचा हात बरा चाललेला असतो. घोळ त्याच्या आधीच्या समजुतीत असतो.

गंज दिसतो तिथेच पत्रा खाल्ला जातो, ही त्यातली सगळ्यात चिवट समजूत. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका साध्या प्रयोगातून ती खोटी ठरवली. स्वच्छ लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधोमध कमी पोचतो. लोखंड विरघळलं ते मधोमध, ऑक्सिजनच्या टंचाईत. आणि तपकिरी गंज साचला तो मधला भाग आणि कड यांच्या मध्ये, कड्यासारखा. म्हणजे झीज एकीकडे, तिचा राडा दुसरीकडे. पिकअपच्या मडगार्डात चिकटून बसलेला चिखल, दोन पत्र्यांच्या जोडातली फट, सीटखालच्या गालिच्यामागची ओल, या सगळ्या जागा त्या थेंबाच्या मध्यासारख्याच. हवा कमी, ओल कायम. लोखंड तिथे गुपचूप जातं.

फुगा का येतो, तेही इथेच कळतं. जितकं लोखंड जातं त्याच्या दुप्पट ते सहापट जागा त्यातून तयार होणारा गंज व्यापतो. जागा मिळाली नाही की तो रंग उचलतो, जोडातले पत्रे एकमेकांपासून फाकवतो. दरवाजाच्या बाबतीत तर उलटा प्रवास ठरलेलाच. खिडकीच्या काचेलगतच्या रबरातून पावसाचं थोडं पाणी दरवाजात उतरतंच. ते खाली निघून जावं म्हणून दरवाजाच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. पाचोळा आणि मातीनं ती बुजली की दरवाजा म्हणजे बंद पिंप. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसतो तेव्हा आत बशीएवढा पत्रा गेलेला असू शकतो. त्यामुळे जाणता पत्राकाम करणारा आधी ग्राइंडर हातात घेत नाही. तो स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जातो. चांगला पत्रा टणटणतो, खाल्लेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे तो टोच्या दाबून बघतो. आरपार गेला तर गेला. तो पत्रा आधीच गेलेला होता, टोच्यानं फक्त कळवलं.

इथे मीठ हे केवळ समुद्रकाठचं दुखणं आहे, असंही म्हटलं जातं. अर्धं खरं. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन पुरतात. मीठ पाण्याची वीज वाहण्याची ताकद वाढवून तो उद्योग जोरात चालवतं. पण समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते हवेतल्या सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रतेपासूनच ओल धरायला लागतं. कोकणातली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. हाताला कोरडा लागणारा पत्रा खरोखर कोरडा नसतो. गाडी सांगलीला द्राक्षं वाहायला गेली, म्हणून जोडांत बसलेलं मीठ तिची पाठ सोडत नाही. ते फटीफटींत गोडं पाणी मारून काढावं लागतं, आणि काम सुरू करण्याआधी काढावं लागतं.

आता लांबी. ‘भोक बुजवून देतो, कळणारसुद्धा नाही’ हे वाक्य ऐकलं नाही असा जुन्या गाडीचा मालक विरळा. गाडीची लांबी म्हणजे पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्यासारखी भुकटी. घट्ट झाल्यावरही ती पाणी शोषते. घट्ट पत्र्यावर, पोचा भरायला, दोन-तीन मिलिमीटरच्या थरात ती उत्तम चीज आहे. पण भोकामागे जाळी किंवा कागदाचा बोळा कोंबून त्यावर थापली, की मागची ओल तिच्यात शिरते आणि थेट नव्या रंगाच्या पाठीला जाऊन भिडते. जुनी पिकअप घेणाऱ्यानं खिशात फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक ठेवावा. जिथे तो हात सोडतो, तिथे पत्र्याऐवजी लांबीची भिंत आहे असं समजायला हरकत नाही.

बाटलीतलं औषध लावलं की गंजाचं लोखंड होतं, हे तर साफ खोटं. ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावानं मिळणाऱ्या द्रावणात बहुधा टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. हिरड्याचं टॅनिन आणि हिराकस एकत्र आलं की काळी शाई तयार होते, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाटलीतली जादू तीच. तपकिरी गंज काळ्या, बऱ्यापैकी स्थिर संयुगात बदलतो. गेलेला पत्रा परत येत नाही. आणि हे औषध पातळ, पत्र्याला घट्ट चिकटलेल्या गंजावरच चालतं. पापुद्र्यांचा थर असेल तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. आधी वायर ब्रश, खरवडणी, फ्लॅप डिस्क. औषध त्यानंतर, खड्ड्यांत उरलेल्या ठिपक्यांपुरतं.

रेड ऑक्साइडवर आपल्याकडे फाटकापासून छपरापर्यंत सगळ्यांचा विश्वास. पिकअपलाही एक हात रेड ऑक्साइड मारून ‘पाऊस संपला की रंग देऊ’ म्हणणारे पुष्कळ. पण साधा प्रायमर हा रंगाला धरून ठेवणारा थर आहे, रेनकोट नव्हे. तो सच्छिद्र असतो. वरचा रंग न मिळता पावसात उभा राहिला तर पाणी त्यातून पत्र्यापर्यंत जातं. दोन डब्यांतून मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर ओलीला जास्त चांगला अडवतो. उघड्या, स्वच्छ पत्र्यावर तो आधी आणि लांबी त्यावर, हा क्रमही बऱ्याच वेळा उपयोगी पडतो. कोकणात हे काम दिवाळीनंतर काढावं. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, आणि रात्री दव पडलेल्या पत्र्यावर सकाळी प्रायमर मारला तर ओल आतच कोंडली जाते.

जळक्या ऑइलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या उपायाला अनुभवाचा आधार आहे. पावसाळ्याआधी गाडीखाली इंजिनातून काढलेलं काळं ऑइल मारणारे ड्रायव्हर सांगतात की गाड्या टिकतात. तेल पाण्याला काही काळ दूर ठेवतं हे खरंच. पण वापरलेल्या ऑइलमध्ये काजळीबरोबर आम्लं तयार झालेली असतात. ते रबरी बुश फुगवतं, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो, आणि ठिबकलेलं विहिरीच्या वाटेला लागतं. दुसऱ्या टोकाला आहे जाड काळं रबरी कोटिंग. स्वच्छ पत्र्यावर ते ठीक. गंजावर मारलं तर ते गंजाचंच पांघरूण होतं, आणि चिरलं की खाली पाणी धरून बसतं. बंद पोकळ्यांसाठी मेणाचं पातळ द्रावण लांब नळीनं आत फवारतात. ते फटींत झिरपतं, आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारता येतं.

पत्रा कापून ठिगळ लावायची वेळ आली की हौशी माणूस शेजारच्या ग्रिलवाल्याकडे जातो. ग्रिलच्या सळईला चालणारं रॉडचं वेल्डिंग गाडीच्या अंगाला मात्र चालत नाही. बाहेरचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. रॉडच्या उष्णतेनं त्याला भोकं पडतात किंवा तो लाटेसारखा वाकतो. त्यासाठी बारीक तारेचं सीओटू वेल्डिंग लागतं, तेही सलग न ओढता, लांब लांब ठिपके देत, मध्ये पत्रा थंड होऊ देत. ठिगळ खराब भागापेक्षा मोठं, म्हणजे चकाकत्या धातूपर्यंत पोचणारं हवं. बॅटरीच्या तारा आधी सोडवाव्यात, डिझेलची टाकी आणि पाइप कुठे आहेत ते बघावं, पत्र्यामागचा स्पंज-गालिचा काढावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की त्याच्या धुरानं थंडी भरून ताप येतो. हार्डनर घातलेल्या दोन डब्यांच्या बऱ्याच रंगांत आयसोसायनेट असतं. त्यानं दम्याचा त्रास जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल इथे शोभेपुरता.

नवख्यानं जिथे थांबायचं ती जागा म्हणजे चॅसिस. पिकअपची केबिन आणि हौदा शिडीसारख्या चॅसिसवर बसवलेले असतात. मडगार्ड गंजलं तर गाडी कुरूप दिसते, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे जोडलेले असतात तिथे चॅसिस गंजलं तर गाडी मोडते. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तिथे टोयोटानं २००८ साली १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपच्या चॅसिसची गंजाविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार खराब निघालेल्या गाड्या परत विकत घेतल्या. पुढे २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांबाबत झालेल्या तडजोडीचा अंदाज ३.४ अब्ज डॉलरपर्यंत गेला. एवढी मोठी कंपनी जिथे चॅसिसच बदलून देते, तिथे अंगणातल्या ठिगळाचा भरवसा काय धरायचा? आपल्याकडे व्यावसायिक पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस तपासणी असते. शिवाय चॅसिसवर ठोकलेला नंबर ग्राइंडरखाली पुसट झाला तर गंजाची कटकट सोडून वेगळीच मागे लागते.

‘जुन्या गाड्यांचा पत्राच वेगळा होता’ हे उसासे टाकत सांगितलं जातं. वेगळा होता, म्हणजे जाड होता. आरपार जायला त्याला वेळ लागायचा, इतकंच. रंगाच्या हौदात अख्खी बॉडी बुडवून विजेच्या साह्यानं कानाकोपऱ्यात प्रायमर बसवण्याची आजची पद्धत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. जस्ताचा मुलामा दिलेली पूर्ण बॉडी ऑडीनं आपल्या १०० या गाडीला १९८५ साली दिली. दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला इथे हमखास येतो. सोळाशे वर्षं टिकलेल्या त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्यानं पृष्ठावर संरक्षक थर धरला, असं कानपूर आयआयटीच्या आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून पुढे आलं. पिकअपच्या पत्र्याला हे भाग्य नाही.

म्हणून मडगार्डाचा फुगा दिसला की हौशी माणसानं पहिला रविवार रंगाला न देता पाण्याच्या वाटेला द्यावा: चिखल धुवायचा, गालिचा उचलायचा, रबरं तपासायची, दरवाजाच्या तळाची भोकं शोधायची. दुसऱ्या रविवारी खरवडणी. रंगाची पाळी त्यानंतर. आणि रंग वाळला की एक बारीक तार घेऊन ती भोकं पुन्हा मोकळी करायची, कारण ताज्या प्रायमरनं आणि लांबीनं बहुतेक वेळा तीच बुजलेली असतात.