गाडीखालचा काळा थेंब

दोस्ता, इकडे ये. जरा वाक. घरची मोटरसायकल उभी होती ना, तिथे खाली बघ. दिसला? पाच रुपयांच्या नाण्याएवढा काळा, चकचकीत डाग!

गाडीच्या पोटातून काहीतरी गळतंय. पण काय? आणि कुठून? चल, आज आपण गुप्तहेर होऊ!

आधी ओळखपरेड. पेट्रोल असतं तर भपकन वास आला असता, आणि डाग बघता बघता उडून गेला असता. पाणी असतं तर वाळलं असतं. हा डाग मात्र रात्रभर तसाच. बुळबुळीत, तेलकट. म्हणजे हे इंजिन ऑइल!

हे ऑइल कशाला हवं? हात कोरडे असताना जोरजोरात चोळ बघू. गरम झाले ना? आता तळव्याला थोडं खोबरेल लाव आणि पुन्हा चोळ. अहाहा, कसे सुळसुळ सरकतात! इंजिनात धातूचे भाग असेच एकमेकांवर घासतात. आणि किती वेगाने, माहीत आहे? गाडी जोरात पळताना इंजिनाचा दांडा मिनिटाला 6000 फेरेसुद्धा मारतो. म्हणजे सेकंदाला 100! तू 'एक' म्हणेपर्यंत शंभर गिरक्या! हे सगळं सांभाळायला लहान मोटरसायकलीत ऑइल असतं फक्त 1 लिटरच्या आसपास. दुधाच्या दोन अर्ध्या लिटरच्या पिशव्यांएवढं! म्हणून त्याचा थेंबन् थेंब मोलाचा.

नवं ऑइल मधासारखं सोनेरी असतं बरं का. इंजिनातली काजळी स्वतःत घेऊन घेऊन ते काळं होतं.

आता सांग, थेंब जिथे लोंबतोय, तिथेच भोक असेल ना?

चूक! दप्तरात डब्यातली आमटी सांडते तेव्हा काय होतं? गळते झाकणापाशी आणि भिजतो दप्तराचा तळ. ऑइलचंही तसंच. ते वरून ओघळत खाली येतं. शिवाय गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो, धावताना तुझे केस मागे उडतात ना, तसा! म्हणून मेकॅनिककाका खालचा थेंब बघत बसत नाहीत. ते सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधतात.

पण सगळं इंजिनच तेलकट आणि धुळीने माखलेलं असलं तर? मग आधी त्याची आंघोळ! गार इंजिन घासूनपुसून लख्ख करायचं, कोरडं करायचं. आणि मग, ओळख पाहू काय लावायचं?

पावडर! हो, कॅरमवर टाकतो तसली! संशयाच्या जागी पांढरी पावडर भुरभुरवायची आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं. जिथून ऑइल डोकावेल, तिथे पावडरवर तपकिरी रेघ उमटते. रेघेचं वरचं टोक म्हणजे चोराचं घर!

(हे काम मोठ्यांचं हं! सायलेन्सर तव्यासारखा तापतो. आपण लांबून बघायचं.)

या चोरांची नेहमीची घरं ठरलेली. पहिलं घर म्हणजे इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट. जुनं ऑइल तिथूनच काढतात. त्याखालचा वॉशर चेपला की थेंब थेंब सुरू. वॉशर नवा घातला की झालं! बोल्ट मात्र बेतानेच आवळायचा. फार जोर लावला तर आटे जातात आणि गळती आणखी वाढते.

दुसरं घर, पॅकिंग. धातूचे दोन भाग कितीही गुळगुळीत दिसोत, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे डोंगर आणि दऱ्या असतात! त्या बुजवायला मध्ये पातळ पॅकिंग बसवतात. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग करते, तेच काम! रिंग जुनी झाली की वाफ बाजूने फुसफुसते, आणि पॅकिंग थकलं की ऑइल पाझरतं.

आणि तिसरं घर तर जादूचं! चेन फिरवणारा दांडा इंजिनातून बाहेर येतो. म्हणजे तिथे भोक हवंच. दांडा गरागरा फिरणार, तरी ऑइल बाहेर येता कामा नये. कसं जमायचं? तिथे असते ऑइल सील, एक रबरी बांगडी. तिच्या आत एक नाजूक ओठ असतो आणि ओठाभोवती इवलीशी गोल स्प्रिंग. रबरबँडने वेणी घट्ट धरावी, तशी ती ओठाला दांड्यावर दाबून धरते.

खरी गंमत पुढेच आहे! ओठ आणि दांडा यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही कितीतरी पातळ थर असतो. ऑइलला अडवणाऱ्या ओठालाही ऑइल लागतंच! नाहीतर घासून घासून तो जळून जाईल. पण वर्षानुवर्षं ताप सोसून रबर कडक होतं, ओठ झिजतो आणि थेंब निसटतो. मग जुनी सील काढून नवी बसवायची.

सगळं झालं की रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं. सकाळी कागद कोरा? शाब्बास, चोर पकडला!

आता तुझी पाळी. डब्यात पाणी भर, झाकण लाव, बाहेरून खडखडीत पूस. त्याला कोरडा कागद गुंडाळ आणि डबा आडवा कर. कागद सगळ्यात आधी कुठे भिजला? तिथेच झाकणाची रिंग तपास, गुप्तहेरा!