भरतीचे पाणी आणि जमिनीखालची पोलादी भिंत



आपल्या देपालपुरात समुद्र नाही. इथले पावसाचे पाणी उताराने गंभीर आणि चंबळ नद्यांकडे वाहत जाते. इंदूरला १९७८ पासून जलूदहून नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवून आणतात, पण ते पिण्यासाठी. मुंबईत मात्र पावसाचे पाणी समुद्रात सोडायलाही पंप लागतात. असे का, हे आज आपण समजून घेऊ.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इंदूरला साधारण वर्षभरात पडतो, तेवढा तो एका दिवसात पडला. शेकडो माणसे दगावली. मुंबईच्या अनेक नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरती आली की नाल्यातले पाणी बाहेर जात नाही, उलट समुद्रच आत शिरू पाहतो. जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते, आणि तेही ओहोटी असताना.

१९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात यावर उपाय सुचवले होते. २००५ नंतर त्या कामांना वेग आला. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबांध येथे उदंचन केंद्रे, म्हणजे पंपिंग स्टेशने, उभी राहिली. भरतीच्या वेळी नाल्याचे दरवाजे बंद करायचे आणि आतले पाणी पंपांनी पलीकडे फेकायचे, अशी ही योजना आहे. हाजीअलीचा एक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उचलतो. दहा हजार लिटरचा टँकर तो दोन सेकंदांच्या आत रिकामा करील.

आता खरी अडचण पाहू. पंपाची टाकी नाल्याहून खोल हवी. किनाऱ्यावर खणू लागले की चिखल ढासळतो आणि खालून पाणी वर येते. आपल्याकडे विहीर खणताना कडा कोसळू नयेत म्हणून कडे बांधतात. किनाऱ्यावरच्या अशा कामांत तेच काम पोलादी शीट पाइल करतात. या उभ्या, नागमोडी पोलादी पात्या असतात. प्रत्येकीच्या कडेला खाच असते आणि शेजारची पाती तीत अडकते. जर्मनीतील ब्रेमेनचे अभियंता ट्रिग्वे लार्सन यांनी १९०२ साली अशी पाती तयार केली. यंत्राने थरथरवून किंवा ठोकून या पात्या जमिनीत उतरवतात. चारी बाजूंनी भिंत झाली की आतले पाणी उपसून काँक्रीटचे काम करता येते.

ही भिंत खड्ड्याच्या तळापेक्षा बरीच खाली जावी लागते, नाहीतर पाणी तिच्या खालून वळसा घेऊन वाळूसह आत उसळते. दुसरे असे, की रिकामी घागर पाण्यात दाबली तर ती वर येते. तशीच रिकामी टाकीही वर उचलली जाऊ पाहते, म्हणून तिला वजन द्यावे लागते किंवा खाली जखडून ठेवावे लागते. शिवाय खाऱ्या हवेने पोलाद गंजते, विशेषतः जिथे लाटा उडतात तिथे. म्हणून पात्या जरा जाड घेतात आणि त्यांवर लेप देतात.

खोली कमी पडली तर काय होते, हे त्याच वर्षी जगाने पाहिले. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात पंपिंग स्टेशनांचे पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यांच्या भिंती फुटल्या. त्या भिंती शीट पाइलवरच उभ्या होत्या. १९८५ मधील एका चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि पात्या कमी खोल ठोकल्या गेल्या, असे अभ्यासकांनी २०१५ साली मांडले. पोलाद वाचले, पण शहर बुडाले. पुढे २०१८ पर्यंत तीन कालव्यांच्या मुखाशी नवे दरवाजे आणि पंप बसवण्यात आले.

पंप आणि दरवाजे सर्वांना दिसतात, मातीतली भिंत कुणालाच दिसत नाही. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. घराचे असो वा शाळेचे, बांधकाम सुरू होताना रंग आणि फरशीच्या आधी माती तपासली का आणि पाया किती खोल आहे, हे आपण सर्वांनी विचारावे. विद्यार्थ्यांनीही विचारावे.